म्हातारी मांजर, भूल आणि तो सोसायटीभर फिरणारा मेसेज

माझ्या चिंगीच्या दातांचं ऑपरेशन ठरलं आणि त्याच आठवड्यात तीन जणांनी मला एकच मेसेज पाठवला, त्यातली एक माझी सख्खी आत्या. तुम्हालाही आला असेल, तो लाल उद्गारचिन्हांचा "मांजर पाळणाऱ्यांनो सावधान"वाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दहा वर्षांवरच्या मांजराला भूल दिली की ते परत उठत नाही, खातंय म्हणजे दात दुखत नाहीयेत, साफ करायचेच तर भूल न देताही होतात, दात काढले तर मांजर उपाशी मरतं, हा सगळा डॉक्टरांचा धंदा आहे, आणि त्यापेक्षा घरीच लवंगेचं तेल लावा, फारच दुखलं तर क्रोसिनचा तुकडा द्या.

चिंगी तेरा वर्षांची आहे. मीही घाबरले होते, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, त्यामुळे घाबरणाऱ्यांना हसायला मी हे लिहीत नाहीये.

तर पहिलं, "भूल दिली की उठत नाही". ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या जवळपास ७९ हजार मांजरांची नोंद ठेवली होती. त्यात भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण सगळं मिळून ०.२४ टक्के निघालं. एरवी धडधाकट असलेल्या मांजरांत ०.११ टक्के, म्हणजे नऊशेत एक, आणि आजारी मांजरांत १.४० टक्के, म्हणजे सत्तरात एक. बारा वर्षांवरच्यांना धोका तरुण मांजरांच्या साधारण दुप्पट होता, हे खरंय, ते मी लपवत नाही. पण जरा आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा ना, वयाने दुप्पट आणि आजाराने बारा-तेरा पट! म्हणजे विचारायचं ते "वय किती" एवढंच नाही, "आत काय चाललंय" हे आधी. म्हाताऱ्या मांजरांत किडनी, थायरॉइड, बीपी आणि हृदय ही चार ठिकाणं बघायचीच. चिंगीची किडनी जरा काठावर निघाली आणि छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज, ऐकू आली म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला, त्यात आठवडा गेला, मी वैतागले, पण त्यावरूनच कुठलं औषध द्यायचं, कुठलं टाळायचं आणि सलाईन किती हळू सोडायचं ते ठरलं.

त्याच नोंदींमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. दगावलेल्यांतली निम्म्याहून जास्त मांजरं ऑपरेशन चालू असताना गेली नव्हती, आटोपल्यावर गेली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणजे सगळे "झालं बाबा एकदाचं" म्हणून चहाला जातात तेव्हा. आणि जिथे नाडी आणि ऑक्सिजन सतत बघत होते तिथे धोका कमी होता.

म्हणून मी दवाखान्यात काय विचारायचं याची चिठ्ठीच केली. पहिल्या ठिकाणी, घराजवळ कोथरूडातच, उत्तर मिळालं की इंजेक्शन देतो, वीस मिनिटांत होतं, संध्याकाळी घेऊन जा. मॉनिटर कुठला म्हटलं तर "अहो मॅडम, मांजरच आहे ना". नमस्कार करून निघाले. दुसरीकडे पार औंधला जावं लागलं, रिक्षात चिंगी टोपलीतून सबंध युनिव्हर्सिटी चौक ओरडत होती, पण तिथे श्वासनलिकेत नळी आणि त्यातून गॅसची भूल, जिभेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, अंगाखाली गरम गादी (दातांच्या कामात तोंडात सारखं पाणी उडतं आणि चार किलोचा जीव पटकन गार पडतो), आणि शुद्धीवर येईपर्यंत शेजारी एक मुलगी बसलेली. अजून एक विचारा, तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा ताणणारा चिमटा वापरता का? जबडा तसा फार ताणून ठेवला तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब येतो आणि त्याने मांजरं आंधळी झालेली आहेत. माझा प्रश्न ऐकून डॉक्टर हसले नाहीत, "नाही वापरत" म्हणाले, तेव्हा मी सही केली.

आता "खातंय म्हणजे दुखत नाही". चिंगीही खातच होती! फक्त मान डावीकडे वाकडी करून. दाणा तोंडातून स्टीलच्या ताटलीत पडायचा, टक्क, ती त्याच्याकडे रागाने बघायची आणि परत उचलायची. मला ते लाडच वाटत होते. शेपटीजवळचे केस चाटणं तर इतकं सोडलं होतं की त्यांच्या गुठळ्या झाल्या, ते वय झालं म्हणून, असं मीच ठरवून टाकलेलं. एक्सरे काढला तर खालच्या दोन दाढा आतून विरघळत चाललेल्या. हे आपल्यासारखं किडणं नव्हे, शरीरातल्याच पेशी दात खात सुटतात, का ते अजून नीट कळलेलं नाही, आणि म्हाताऱ्या मांजरांत हे खूप दिसतं. वरून हिरडीच्या कडेला एक लालसर ठिपका, बस. मांजर दुखणं दाखवत नाही आणि उपाशीही राहत नाही, न चावता गिळतं.

"भूल न देता साफ करा" याला फार वेळ घालवत नाही. समोरून दिसतं ते किटण खरवडून दात पांढरे होतात, फोटो छान येतो. आजार हिरडीच्या खाली असतो, तिथे जागं मांजर कुणाला हात लावू देईल? आणि एक्सरेसाठी तर तोंडात पट्टी ठेवायला लागते.

धंद्याचं म्हणाल तर बिल बघून मलाही घाम फुटला, खोटं कशाला बोलू. पण त्यातला मोठा भाग तपासण्या आणि एक्सरेचा होता, म्हणजे नेमका तोच, जो स्वस्तातल्या वीस मिनिटांत गाळला जातो. आधी लेखी अंदाज मागा, देतात.

दात काढल्यावर उपाशी? चिंगीचे चार गेले. मांजराला तीस असतात, आणि सगळे काढलेली मांजरंही मजेत जेवतात. हिला दोन आठवडे मऊच द्या म्हणून सांगितलेलं, चौथ्या दिवशी बाईसाहेबांनी कपाटातली कोरड्या खाण्याची पिशवी नखांनी फाडली.

राहिलं लवंगेचं तेल आणि क्रोसिन. इथे मात्र मी चिडते, कारण बाकीचा मेसेज नुसता चुकीचा आहे, ही ओळ मारणारी आहे. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि आपलं लिव्हर त्याचा ज्या मार्गाने निचरा करतं तो मांजरात जवळपास नसतोच. गोळीचा छोटा तुकडाही रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतो, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं, धाप लागते आणि जीव जातो. चुकून दिलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असतील तरी दवाखाना गाठा. लवंगेच्या तेलातलं युजेनॉलही तसंच, त्याचाही निचरा मांजराला जमत नाही. आपल्या आजीने आपल्या दाढेत कापसाचा बोळा ठेवला तेव्हा आराम पडला असेल, आजी बरोबरच होती, पण तिच्यासमोर माणूस होता.

आत्याला मी एवढंच कळवलं की बाकी काय पाठवायचं ते पाठव, पण ती शेवटची ओळ काढ. तिने सगळाच मेसेज डिलीट केला आणि विचारलं, चिंगी आता जेवते का नीट.