हिरवो दिवो

राउटर विकताना दुकानदार ॲन्टेना मोजून दाखवतो. आत कुठली चिप आहे आणि मेमरी किती, हे तो सांगत नाही, कारण त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. खोक्यावर मॉडेलचं नाव ठसठशीत आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात हार्डवेअर व्हर्जन. गोम तिथेच. नाव तेच, रंग तोच, ॲन्टेना तेवढ्याच, आणि आतलं बिऱ्हाड पार बदललेलं! आमच्याकडे आला तो नेमका असा. आधीच्या व्हर्जनवर ओपनडब्ल्यूआरटी सुखाने चालतं. ह्या व्हर्जनचं नाव अजून कोणी काढलेलं नव्हतं.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरसाठीचं मुक्त लिनक्स. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी ह्या राउटरच्या पोटात लिनक्स आहे, हे २००३ मध्ये लोकांनी हुडकलं. जीपीएल परवान्यावर (राउटर विकलात तर आतला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागेल त्याला द्या, असं तो सांगतो) बोट ठेवून त्यांनी तो मागितला, कंपनीला तो द्यावा लागला आणि २००४ पासून त्यावर हा प्रकल्प उभा राहिला. मीही तोच परवाना पुढे करून माझ्या राउटरच्या कंपनीला सोर्स कोड मागितला. उत्तर आलं, की राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

आमचं घर देवगड तालुक्यात, चिऱ्याचं. भिंती हातभर जाड, आणि श्रावणात पोटभर पाणी प्यालेल्या. माजघरातून निघालेला सिग्नल देवघरापर्यंत जातो आणि तिथेच बसतो. मागच्या पडवीत वायफाय हवं तर जुना राउटर तिथे ठेवून माजघरातल्या नव्याशी मेशने, म्हणजे वायरीशिवाय एकच जाळं करून, जोडायला हवा, आणि जुन्यावर ओपनडब्ल्यूआरटी आधीपासून होतं. त्यात चतुर्थी तोंडावर. चाकरमानी कणकवलीला गाडीतून उतरतात, घरी येऊन पाय धुतात, आणि गणपतीला हात जोडायच्या आधी पासवर्ड विचारतात.

तर मी राउटर खोलला. स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले होते. शेजारचे आबा खळ्यातून थेट पडवीत आले.

"चलता तेका खोलतंस कित्याक?"

"आत काय आहे ते बघतोय."

"आत काय असतला? चायनाचा असतला."

आबांचं चूक नव्हतं, पण मला चायनाचं कोणतं ते हवं होतं. बोर्डाच्या कडेला ओळीने चार भोकं होती. ती सिरियल कन्सोलची, म्हणजे राउटरचं बोलणं लॅपटॉपवर वाचायची. ग्राउंड, टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) अशा तीन वायरी तिथे जोडायच्या. चौथं भोक विजेचं, त्याला शिवायचं नाही. सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, ५ व्होल्टची पिन लावलीत तर चिप वैकुंठाला. डाग द्यायला बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याच्या टेबलावर अख्ख्या पंचक्रोशीची गणपतीची तोरणं पडली होती. "काका, आधी देवाचा," म्हणाला. बरोबरच आहे.

वायरी लागल्या, स्पीड ११५२०० ठेवला, आणि राउटर स्वतःची कुंडली बोलू लागला: चिप मीडियाटेकची एमटी७६२१, फ्लॅश (कायमची साठवण) १६ एमबी, रॅम (तात्पुरती) १२८ एमबी. खाली पाहतो तर कंपनीचं फर्मवेअर (राउटरमध्ये मुळात भरलेलं सॉफ्टवेअर) म्हणजे जुनाट ओपनडब्ल्यूआरटीच, वर निळ्या रंगाचं वेबपेज चढवलेलं. असं बऱ्याच राउटरांत असतं. तरीही त्या क्षणी मला कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून बोलावंसं वाटलं. बोललो असतो तर त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं असतं.

पोर्ट करायचं, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी ह्या राउटरवर चालतं करायचं, तर मुख्यतः डिव्हाइस ट्री नावाची एक फाइल लिहायची. फ्लॅशचे वाटे कुठून कुठवर, बटणं कुठल्या पिनेला, दिवे कुठल्या, मॅक ॲड्रेस (राउटरची नेटवर्कवरची ओळख) कुठे, हे सगळं त्यात. मग अख्खं बिल्ड, म्हणजे सगळा कोड जुळवून राउटरवर चढवायची एक फाइल, इमेज, करायची. त्यासाठी टूलचेन (कोड जुळवायची अवजारं) आणि इतर शंभर गोष्टी नेटवरून उतरतात, आणि नेट तर मीच खोलून बसलेलो! मोबाइलला रेंज मिळते ती गडग्यावर, फणसाखाली. तेव्हा लॅपटॉप गडग्यावर, छत्री लॅपटॉपवर आणि पाऊस माझ्यावर. आईने दोनदा चहा आणला आणि तिसऱ्यांदा वैद्याचा विषय काढला.

इमेज तयार झाली. यू-बूटला (राउटर चालू होताना सर्वांत आधी उठणाऱ्या प्रोग्रॅमला) अडवून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) ती आधी नुसती रॅममध्ये चढवायची, म्हणजे बिघडलं तरी रीबूट करून सुटका. आमच्याकडे रीबूट लाइट करते. माडाची झावळ तारेवर पडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फ्लॅशवर लिहिणं मी वारा पडेपर्यंत टाळलं, आणि 'फॅक्टरी' नावाच्या वाट्याची प्रत तीन ठिकाणी ठेवली. प्रत्येक राउटरचा रेडिओ कारखान्यात मोजून जुळवतात, ते आकडे त्यात असतात. ते गेले तर कुठेही परत मिळत नाहीत.

शेवटी चाललं. वायफाय हाताने चालू केलं (ते मुळात बंदच येतं), मेश जुळला, मागच्या पडवीत व्हिडिओ अडखळेना. बाबा तिथेच मोबाइलवर कीर्तन बघत बसले होते. उठून माजघरात गेले आणि परत आले.

"नेट गेला."

"बाबा, तुमचं कीर्तन चालू आहे."

"ता चालता. पण हिरवो दिवो पेटना नाय. दिवो नाय म्हणजे नेट नाय."

आणि ते कीर्तन बंद करून बसून राहिले.

दिव्यांच्या पिना कुठेच लिहिलेल्या नसतात. एकेक जीपीआयओ, म्हणजे हुकमाने चालू-बंद होणारी चिपची पिन, उचकून बघायची. मी पडवीत, बाबा माजघरात राउटरसमोर, आबा मधल्या उंबऱ्यावर निरोप पोचवायला.

"पेटलो?"

"नाय!"

"आता?"

"नाय!"

एका पिनेला हात लावला आणि राउटरच रीबूट झाला. यू-बूट उठताना सगळे दिवे एकदम लावतो. आतून आरोळी आली, "सगळे पेटले! झाला तुझा काम!" ते समजावण्यात संध्याकाळ गेली. खरा हिरवा दिवा सापडला तो उलट्या खोपडीचा निघाला: शून्य लिहिलं की लागतो, एक लिहिलं की विझतो. आबांना हे सांगितलं.

"बंद केलंस की पेटता? मगे तो आमच्या भावकीतलोच."

चतुर्थीला घर भरलं. मागच्या पडवीत पोरं जाऊन बसली ती आरतीलाही बोलवावी लागली. बाबा प्रत्येक पाहुण्याला आधी गणपती आणि मग दिवा दाखवत होते.

विसर्जनानंतर मी पॅच, म्हणजे केलेले बदल, ओपनडब्ल्यूआरटीला पाठवला. तपासणारा गृहस्थ कुठल्या देशातला कोण जाणे, पण कसून वाचणारा. फ्लॅशचे वाटे, मॅक ॲड्रेस, मेश, कशावर अक्षर नाही. फक्त एक शेरा: दिव्याचं नाव जुन्या पद्धतीने लिहिलंय, रंग आणि काम वेगवेगळं लिहून पुन्हा पाठवा.

"काय म्हणता तो?" बाबांनी विचारलं.

"हिरव्या दिव्याबद्दल लिहिलंय."

"माणूस शाणो दिसता," बाबा म्हणाले.