टीकिंटरची विंडो हँग झाली की ‘अपडेट() टाका’ म्हणणाऱ्यांसाठी

पायथनमध्ये टीकिंटर (विंडो, बटणं काढायची पायथनची लायब्ररी) वापरून छोटी टूल्स करणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: ‘टीकिंटरची विंडो हँग होते कारण पायथन स्लो आहे. लूपमध्ये रूट.अपडेट() टाका. तेवढ्याने भागलं नाही तर सगळं थ्रेडमध्ये (प्रोग्राममध्येच बाजूला चालणाऱ्या कामात) ढकला, विषय संपला.’ मीही कधीकाळी हाच सल्ला वाटलाय, म्हणून जरा तपशिलात.

पायथनच्या वेगाचा इथे संबंधच नाही. बटणाच्या कॉलबॅकमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नुसतं टाइम.स्लीप(१०) लिहून बघा. सीपीयू निवांत, विंडो मात्र निपचित. मेनलूप(), म्हणजे विंडो चालवणारा टीकिंटरचा लूप, एका वेळी एकच इव्हेंट (क्लिकसारखी घटना) हातात घेतो आणि तुमचा कॉलबॅक परत येईपर्यंत क्लिक, विंडो पुन्हा रंगवणं, सगळं रांगेत उभं राहतं. विंडोजला साधारण ५ सेकंद दाद मिळाली नाही की ते वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. सी++ मध्ये हाच घोळ घाला, हेच होईल.

आता अपडेट(). एका हाउसिंग सोसायटीला मेंटेनन्स बिलं काढायचं टूल करून दिलं होतं. २१२ फ्लॅट, दर बिलानंतर एक अपडेट(), प्रोग्रेस बार छान पळतोय. ऑफिसातल्या काकांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून ४० बिलं झाल्यावर त्यांनी पुन्हा दाबलं. अपडेट() रांगेतले सगळे इव्हेंट तिथल्या तिथे चालवतं, त्यामुळे ती क्लिकही चालली आणि पहिल्या लूपच्या पोटात दुसरा लूप सुरू झाला. त्याने ४१ ते २५२ नंबरची २१२ बिलं पूर्ण काढली, मग पहिला लूप जागा झाला आणि एक्केचाळिसाव्या फ्लॅटला २५३ नंबर देऊन पुढे निघाला. एकूण ४२४ बिलं. एररचा पत्ता नाही.

‘मग बटण डिसेबल करा ना!’ करा, पण फुलीचं काय? मध्येच विंडो बंद केली तर लूप तसाच चालू राहतो आणि नसलेल्या विजेटला (बटण, लेबल वगैरेला) हात लावल्यावर टीसीएल-एरर फेकतो. शिवाय एकच पीडीएफ सात सेकंद घेत असेल तर त्या सात सेकंदांत अपडेट() कोण बोलावणार? त्याचा भाऊ अपडेट_आयडलटास्क्स() नुसतं रंगवतो, क्लिक उचलत नाही, म्हणून घोळ कमी. पण मग ‘थांबवा’ बटणही मुकंच.

थ्रेडचा सल्ला अर्धा बरोबर आहे. अडचण उरलेल्या अर्ध्यात. थ्रेडमधून लेबल.कॉन्फिग() केलं तर हल्ली बहुतेकदा चालतं, कारण टीकिंटर तो कॉल मेन थ्रेडच्या (मेनलूप() जिथे चालतो त्या थ्रेडच्या) रांगेत टाकून उत्तराची वाट बघतं. पण तुम्ही कॉलबॅकमध्ये टी.जॉइन() (थ्रेड संपेपर्यंत थांब) लिहून बसला असाल, तर मेन थ्रेड वर्करची, म्हणजे काम करणाऱ्या थ्रेडची, वाट बघतोय आणि वर्कर मेन थ्रेडची. ‘आधी आप’ म्हणत दोघंही तिथेच.

म्हणून वर्करने विजेटला शिवूच नये. त्याने क्यू.क्यू मध्ये (थ्रेडमधल्या निरोपांच्या रांगेत) निरोप टाकावा, आणि मेन थ्रेडने आफ्टर(१००, ...) लावून दर १०० मिलिसेकंदांनी गेट_नोवेट() ने तो उचलावा. जेमतेम दहा ओळी होतात.

जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या कुलपामुळे) थ्रेडचा उपयोगच नाही, हेही ऐकू येतं. फाइल, नेटवर्क, डेटाबेसची वाट बघताना जीआयएल सुटतो, तिथे थ्रेड मस्त चालतो. निव्वळ पायथनी आकडेमोडीत जीआयएल ५ मिलिसेकंदांनी हात बदलतो. विंडो जड वाटते, पण मरत नाही. खरी गंमत रेजेक्सची (मजकुरात पॅटर्न शोधण्याची): त्यासाठीचं आरई मॉड्यूल शोध संपेपर्यंत जीआयएल सोडत नाही. वाईट पॅटर्न लांबलचक मजकुरावर सोडला की थ्रेडमध्ये असूनही विंडो ठार. तिथे मल्टिप्रोसेसिंगच (काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणं) हवं. (पायथनच्या फाइलचा प्रोग्राम बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरने एक्झी करणार असाल तर फ्रीझ_सपोर्ट() विसरू नका, नाहीतर विंडोजवर एका विंडोतून दुसरी, दुसरीतून तिसरी उघडत जाते.)

‘थांबवा’साठी थ्रेडिंग.इव्हेंट (क्लिकचा इव्हेंट नव्हे, थ्रेडमधला ‘थांब’ असा झेंडा) ठेवा आणि वर्करने दर बिलाआधी तो तपासावा. थ्रेडला डेमन=ट्रू (प्रोग्राम संपताना याची वाट बघू नका) लावून सुटका करून घेऊ नका: प्रोग्राम बंद होताना थ्रेड जिथे असेल तिथे तुटतो, अर्धवट पीडीएफ मागे ठेवून.

सोसायटीचं टूल आता असंच चालतं. काका अजूनही दोनदा दाबतात. दुसऱ्या वेळी बटण राखाडी असतं.