कमलाताईंचं उदाहरण आणि नोंदणीचे पैसे

नमस्कार सर,

विज्ञान परिषदेत स्त्रियांना आणि तरुण संशोधकांना भाग घेणं सोपं व्हावं, म्हणून मी काही सूचना केल्या होत्या.

'परिषदेत गुणवत्ता बघायची की लाड पुरवायचे? कमला सोहोनींना कुणी पाळणाघर दिलं होतं?' ही तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला आहे. आधी न पटलेलं सांगते.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाताईंचा विषय काढलात ते बरं झालं. 1933 साली मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी नकारच दिला. त्या हटून बसल्या तेव्हा एक वर्षाच्या बोलीवर घेतलं. जिद्द होतीच. पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे सांगायचं आपण विसरतो. बंगळूर गाठून थेट संचालकांना जाब विचारायचं बळ घरातून मिळालेल्या मुली तेव्हा किती असतील? नकाराचं पत्र वाचून गप्प बसलेल्यांची नावं तुम्हालाही ठाऊक नाहीत, मलाही नाहीत.

आता माझी मराठवाड्यातली एक विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राच्या परिषदेत तिचं संशोधनाचं पोस्टर स्वीकारलं गेलं. नोंदणी, रेल्वे, तीन रात्रींचं राहणं, सगळं आधी खिशातून भरायचं आणि मग बिलं लावायची. फेलोशिप पाच महिने थकलेली. वडिलांकडे मागायची लाज वाटली, म्हणून ती गेलीच नाही. मला हे कळलं ते परिषद संपल्यावर! तिच्या पोस्टरची गुणवत्ता कुणी तपासली, सर? तेच पैसे दोन महिने आधी हातात ठेवले असते तर संस्थेला एक रुपयाही जास्त लागला नसता. लाड म्हणाल तर एवढेच.

निवडीबद्दल म्हणाल, तर हबल या अवकाश दुर्बिणीचं उदाहरण बघा. तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागणाऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रस्तावांवरची नावं 2018 मध्ये परीक्षकांपासून झाकली. त्या फेरीत स्त्रियांच्या प्रस्तावांच्या यशाचं प्रमाण पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. पण नाव झाकल्याने गुणवत्ता खालावते, असं तरी कुणी म्हणू शकणार नाही. आपल्याकडे परिषदेसाठी संशोधनाचे सारांश निवडताना मार्गदर्शकाचं नाव आधी वाचलं जातं. तुम्ही-मी दोघेही त्या समितीवर होतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

पाळणाघरावर वाद घालत नाही. ते हवं की नको, हे नोंदणीच्या फॉर्मवर विचारून टाकावं. बापांनासुद्धा.

आता तुमचा पटलेला मुद्दा. 'तरुणांसाठी वेगळं सत्र काढून तुम्हीच त्यांना वेगळं पाडता.' अगदी खरं. ते सत्र सकाळी आठला, मागच्या छोट्या हॉलमध्ये, आणि ऐकायला त्यांचेच मित्र. मी स्वतः असं सत्र आखलं होतं, ते चुकलंच. त्यापेक्षा मुख्य सभागृहातली सवय बदलावी. दहा देशांतल्या सुमारे 250 व्याख्यानांच्या पाहणीत असं दिसलं, की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर त्यानंतर स्त्रियांचे प्रश्न कमी येतात. आपल्याकडे पहिला प्रश्न कोण विचारतं? पहिल्या रांगेतले ज्येष्ठ, आणि तोही प्रश्न नसतो, पाच मिनिटांचं भाषण असतं. (यात मीही आले.)

पुढच्या वर्षी दुसऱ्या दिवशीचं सत्र तुमच्या अध्यक्षतेखाली आहे ना? माईक आधी मागच्या रांगांकडे पाठवाल का? मी हात वर केला तरी दुर्लक्ष करा.