जलभंजन केलं म्हणून हापशी पेट घेत नाही

जलभंजन करून, म्हणजे बोअरमध्ये दाबानं पाणी सोडून चिरा मोकळ्या केलेली हापशी दारासमोर असताना माय हंडा घेऊन नाल्याकाठच्या उघड्या विहिरीकडे निघाली. विचारलं तर म्हणे, "त्या हापशीले हात नोको लावू. भंजन केलं तिचं. आग निघते म्हणे पान्यातून." भाच्यानं मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवला होता: 'सावधान! जलभंजन म्हणजेच अमेरिकेतलं फ्रॅकिंग. विषारी रसायनं सोडतात, नळाला आग लागते, भूकंप होतात, मग गॅस कंपनी शेतं घेते.'

पावसाळ्यात नाल्याचं गढूळ पाणी त्या विहिरीत उतरतं. मजकूर पुढे ढकलणाऱ्याला त्याचं काय?

पाण्याला आग लागते ती मिथेनमुळे. गॅस किंवा कोळसा असलेल्या भागात तो पाण्यात मिसळू शकतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे बोअर जातं ते थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणात. त्यात पेटणार काय, दगड?

भंजन म्हटलं की मूर्तिभंजन आठवतं, तिथंच घोळ होतो. जलभंजनाच्या गाडीवाल्यांनी हापशी काढून बाजूला ठेवली, बोअरमध्ये रबरी पॅकर, म्हणजे फुगणारं बूच, फुगवून बसवला आणि खाली दाबानं साधं पाणी सोडलं. दगडातल्या चिरा गाळानं बुजल्या होत्या, त्या मोकळ्या झाल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम कित्येक वर्षं करते आहे. फ्रॅकिंग मात्र खडक फोडून गॅस काढण्यासाठी असतं. त्यात गॅसच्या विहिरीत पाण्यासोबत वाळू आणि रसायनं जातात, तीही बहुधा किलोमीटरहून जास्त खोल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांनुसार एका विहिरीला साधारण 57 लाख ते 6 कोटी लिटर पाणी लागतं. आमच्याकडे आलं होतं एक टँकर!

भूकंपाचंही तसंच. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातले बहुतेक धक्के तेल-गॅससोबत वर आलेलं सांडपाणी पुन्हा खोल जिरवल्यामुळे बसले, असं तीच संस्था सांगते. आणि शेतं घेणार म्हणे! हापशीच्या ओट्याला किती एकर लागतात?

फ्रॅकिंग निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणत नाही. त्यानं काही ठिकाणी पिण्याचं पाणी बिघडू शकतं, हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2016 साली मान्य केलं. वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात कोणी गॅससाठी आलं तर जरूर विचारा. जलभंजनानंतर पाणी सुरुवातीला गढूळ येतं, हेही खरं. ते उपसून टाकायचं. आणि दगडात चिराच नसतील तर कितीही दाब द्या, पाणी येत नाही.

एवढं सांगूनही मायनं काल धारेजवळ माचिसची काडी धरलीच. काडी विझली. "पानीच हाये," म्हणाली, आणि हंडा लावला.