एक सेंटचं मशीन म्हणे!

नाशिकहून क्रूझला निघणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी महाज्ञानी असतोच. कॉलेज रोडवर टूरवाल्याकडे पहिला हप्ता भरला रे भरला की याचं व्हॉट्सॲपवर सुरू: "जहाजावर कॅसिनो असतो, एक सेंटची मशिनं असतात, एका डॉलरमध्ये शंभर डाव, रात्रभर टाइमपास!" खाली लगेच पंधरा अंगठे.

कुठले शंभर डाव हो? एका डॉलरमध्ये एक डाव होतो. नशीब असेल तर दोन.

ही स्लॉट मशिनं: पैसे घाला, बटण दाबा, चित्रांची चाकं फिरतात, चित्रं जुळली तर पैसे मिळतात. मशीनवर लिहिलेला तो एक सेंट म्हणजे एका क्रेडिटची, मशीन ज्यात हिशोब ठेवतं त्या एककाची, किंमत. डावाची नाही! एका डावाला कमीत कमी किती क्रेडिट घालायचे ते मशीन ठरवतं: कुठे ५०, कुठे ७५, कुठे ८८. ७५चं मशीन घ्या. बटणाला बोट लागलं की पाऊण डॉलर गेला. डॉलर नव्वदचा धरला तर एका टिचकीला साडेसदुसष्ट रुपये. पाच-सहा सेकंदांत चाकं थांबतात, बोट पुन्हा बटणावर. तासाला आरामात सहाशे डाव होतात, म्हणजे ४५० डॉलर फिरले. मशीन त्यातले ८८ टक्के परत देतं असं धरा, तरी तासाला ५४ डॉलर साफ. चार हजार आठशे साठ रुपये तासाला, आणि हा सरासरीचा हिशोब आहे. एखाद्या रात्री शंभर डॉलरची नोट वीस मिनिटांत संपते, एखाद्या रात्री तीच दोन तास पुरते. ज्याची दोन तास पुरली तो घरी येऊन व्याख्यान देतो, आणि वीस मिनिटांवाला गप्प बसतो. ग्रुपवरचं सगळं ज्ञान येतं ते असं.

लोकांना हे माहीत नसतं यात त्यांची चूक नाही म्हणा. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. त्यामुळे आपल्या माणसाला मशीन दिसतं ते गोव्यात किंवा थेट जहाजावर. पण मग माहीत नाही तर गप्प बसा ना! माहीत नसताना दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून "मॅक्स बेट मार, मॅक्स बेट" करणाऱ्यांचं काय करायचं? अनेक मशिनांवर मॅक्स बेटचं, म्हणजे जास्तीत जास्त रकमेच्या डावाचं, बटण दाबलं की ते विचारत बसत नाही, थेट फिरवतं. पाऊण डॉलरचा डाव खेळणाऱ्या काकूंचे एका दाबात पावणेचार डॉलर उडतात, आणि सल्ला देणारा म्हणतो, "अरेरे, थोडक्यात गेला."

दुसरा घोळ क्रेडिटच्या किमतीचा. आता एकाच मशीनवर एक, दोन, पाच, दहा सेंट असे पर्याय असतात. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा, त्याला बोट लागलं की किंमत बदलते. पन्नास क्रेडिटचा डाव एक सेंटला अर्धा डॉलर, पाच सेंटला अडीच डॉलर. बरं, शिल्लक क्रेडिटमध्ये दिसते, डॉलरमध्ये नाही. 'चार हजार' बघून माणूस खूश, आणि असतात ते चाळीस डॉलर. बऱ्याच मशिनांवर त्या आकड्यावर बोट टेकवलं की तो डॉलरमध्ये दिसतो. बसल्या बसल्या पहिलं हे करा, दुसरं डावाची एकूण रक्कम वाचा, आणि मगच बटणाला हात लावा. दहा सेकंदांचं काम आहे, पण नाही, आमच्या लोकांना आधी सेल्फी हवा. कॅसिनोत फोटो आणि व्हिडिओ कॉल सहसा चालत नाहीत. सिक्युरिटीवाला येऊन सांगतो, आणि सिडकोतल्या मावशींना फोनवर मशीन दाखवणं अर्धवट राहतं म्हणून आमच्याच ग्रुपचं तोंड फुगतं.

आता ते ८८ टक्के. मी 'धरा' म्हटलं, कारण जहाजावर खरा आकडा प्रवाशाला सहसा कुठे दिसतच नाही. खरा राग इथे येतो. अमेरिकेत नेवाडात मशीनने किमान ७५ टक्के परत द्यावेत असा नियम आहे, न्यू जर्सीत ८३. नेवाडाचं गेमिंग कंट्रोल बोर्ड, म्हणजे कॅसिनोंवर नजर ठेवणारं सरकारी मंडळ, दर महिन्याला आकडे छापतं, कुठल्या किमतीच्या मशिनांनी किती कापलं ते. त्यात एक सेंटची मशिनं डॉलरच्या मशिनांपेक्षा जास्त कापतात हे उघड दिसतं. म्हणजे 'स्वस्त' मशीनच टक्क्यांत महाग. आणि जहाज? त्यावर झेंडा बहामाचा, नाहीतर पनामाचा, नाहीतर माल्टाचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, ओलांडल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कॅसिनो उघडत नाही, आणि ओलांडल्यावर नेवाडाचं बोर्ड तिथे यायचं नाही. लासलगावला कांद्याचा भाव चारचौघांत बोलला जातो, पटला नाही तर शेतकरी ट्रॉली माघारी नेतो. इथे भाव झाकलेला, आणि माघारी जाणार कुठे, खाली समुद्र!

बरं, बंदरात कॅसिनो बंद. तीन रात्रींच्या सहलीत दिवसा बंदर, रात्री समुद्र. त्यामुळे जेवण आटोपून रात्री नऊला सगळं जहाज एकदम तिथे लोटतं. मग जागा धरणं. एका खुर्चीवर पर्स, दुसरीवर शाल, "येताहेत ते." कोण येताहेत? ते बुफेत तिसऱ्यांदा गुलाबजाम घेताहेत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकायची सवय समुद्रातसुद्धा सुटत नाही. त्यात कित्येक जहाजांवर कॅसिनोच्या एका भागात सिगारेट चालते, आणि थिएटरकडे जायचा रस्ता नेमका कॅसिनोतून काढलेला. तो मुद्दाम काढलेला असतो, वेगळं सांगायला नको.

आणि ते वाक्य. "या मशीनने तासभर काही दिलं नाही, आता देणारच!" कोणी सांगितलं देणार? आत जी चिप आहे ती एकसारखी आकडे काढत असते, सेकंदाला शेकड्यांनी, कोणी खेळत नसलं तरी. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा उचलला जातो आणि निकाल तिथेच लागतो. पुढे चाकं फिरतात ती निव्वळ शोभा. मागचा डाव मशीनला आठवत नाही. त्यामुळे तुम्ही उठलात आणि तुमच्या जागी बसलेल्या साडूला पाचशे डॉलर लागले, तर ते 'तुमचे' नव्हते. तुम्ही बसून राहिला असतात तर बटण वेगळ्या क्षणी दाबलं असतं, आकडा वेगळा आला असता. एवढी साधी गोष्ट, पण यावरून मुंबईला उतरून कसारा घाट चढेपर्यंत बसमध्ये दोन घरं बोलत नाहीत.

एकाच ठिकाणी 'आता देणार' खरं असतं, आणि नेमकं तिथे कोणाचं लक्ष नसतं. काही मशिनांच्या वर छोट्या जॅकपॉटखाली लिहिलेलं असतं की हा अमुक रकमेच्या आत फुटणारच. पन्नासच्या आत फुटणारा जॅकपॉट ४९ डॉलर ६० सेंटवर उभा असेल तर तो खरोखर जवळ आलाय. तो फुटेपर्यंत बाकीचं मशीन तुम्हाला किती खाईल हा हिशोब वेगळा, पण निदान आधार तरी आहे. याउलट काही मशिनांच्या पडद्यावरचा तो सोन्याचा हंडा! नाणी पडतात, हंडा फुगतो, झाकण हलतं, आणि चार जण मागे श्वास रोखून उभे. तो हंडा बहुतेक मशिनांत नुसतं चित्र आहे. फुगलेला असो की रिकामा, जॅकपॉटची शक्यता तीच. पडद्यावर 'आय' किंवा मदतीचं बटण असतं, नियम तिथे असतात. वाचतंय कोण?

सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट मशीनचं संगीत. डाव ७५ क्रेडिटचा, परत आले २०. म्हणजे ५५ गेले. तरी मशीन वाजतं, लुकलुकतं, '२० जिंकलात' दाखवतं. कॅनडात वॉटरलू विद्यापीठातल्या हॅरिगन आणि डिक्सन यांनी यावर अभ्यास केलाय: अशा डावात शरीर जिंकल्यासारखीच उत्तेजना दाखवतं. ब्रिटनने २०२१पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये हरलेल्या डावावर असा जल्लोष दाखवायला बंदी घातली, दोन डावांत किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं. जहाजावर मात्र वाजव रे वाजव, आणि मागे आमचा ग्रुप टाळ्या पिटतोय.

"थोडक्यात हुकलं" त्याच जातीचं. इंगे टेल्नेस यांना १९८४ साली मिळालेल्या पेटंटचा हा खेळ आहे. डोळ्यांना चाकावर २२ जागा दिसतात, पण चिपमध्ये त्या चाकाच्या ६४ जागा असू शकतात. जॅकपॉटच्या चिन्हाला त्यातली एकच, आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना भरपूर. तीन चाकांना २२ने हिशोब केला तर दहा हजार सहाशे अठ्ठेचाळीसात एक, ६४ने केला तर दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीसात एक. चिन्ह जिंकायच्या रेषेच्या बोटभर वर थांबतं ते या वाटणीमुळे. हुकत-बिकत काही नाही.

नाणी ढकलणारं मशीन (सरकती फळी नाणी कडेवरून खाली पाडते) आणि किल्ली भोकात घालायचं मशीन (किल्ली नेमकी भोकात गेली तर टांगलेलं बक्षीस मिळतं) यांच्याबद्दल थोडक्यात. ढकलण्याच्या मशीनला दोन्ही बाजूंना फटी असतात, तिथे पडलेली नाणी कॅसिनोची, तुमची नाहीत. जहाज डोललं की नाणी पडतील म्हणून काच थोपटाल तर अलार्म वाजतो आणि मशीन बंद. आणि त्या किल्लीच्या मशीनमध्ये आयफोन टांगलेला बघून मुलगा हट्ट करतो, तेव्हा त्याला सांगा की अशा काही मशिनांत किती डाव हरल्यावर जिंकणं शक्य होईल हा आकडा चालवणारा आतून भरू शकतो. कौशल्य गेलं तेल लावत.

पैसे घालायची पद्धत तर चीड आणणारी. केबिनचं कार्ड मशीनमध्ये सरकवलं, पिन टाकला की खोलीच्या खात्यातून पैसे येतात. सोय किती! त्यावर ३ ते ५ टक्के फी लागते, जहाजागणिक वेगळी. शंभर उचलले तर एकही डाव न खेळता तीन ते पाच डॉलर गेले. घरून डॉलरच्या नोटा न्या, मशीन नोटा घेतं, नाहीतर केजवर, म्हणजे कॅसिनोच्या रोखपालाकडे भरा. जहाजावरच्या एटीएमला हात लावू नका. नाशिकरोडला नोटा छापून अख्ख्या देशाला पुरवणाऱ्या गावाने रोकड न्यायला विसरावं, कमाल आहे!

वर खेळल्याबद्दल मिळणाऱ्या पॉइंटचं गाजर. काही कंपन्यांत पाच डॉलर फिरवले की एक पॉइंट. अडीच हजार पॉइंटांना साडेबारा हजार डॉलर फिरवावे लागतात. दहा टक्के कापले गेले तर साडेबाराशे डॉलर गमावून मिळते ती पुढच्या सहलीची 'फुकट' केबिन, आणि बंदराची फी, कर, टिप पुन्हा वेगळे. फ्री प्ले म्हणून मिळालेले पैसेही एकदा खेळावेच लागतात, तसेच काढता येत नाहीत.

जिंकलात तरी सुटका नाही. भारतात राहणाऱ्याला परदेशातली कमाईही दाखवावी लागते, आणि अशा जिंकलेल्या पैशांवर सपाट ३० टक्के कर, वर सेस. सोमवारी हजार जिंकले, मंगळवारी हजार हरले, तरी हजारावर कर. हरलेले वजा होत नाहीत. मार्चमध्ये सीएकडे जाऊन "पण साहेब, मी तर बरोबरीत सुटलो" म्हणणारे असतातच, आणि सीए त्यांच्याकडे बघत बसतो.

आणि एक. शेवटच्या रात्री कार्डात राहिलेले पैसे आपोआप परत येतील या भरवशावर झोपू नका. मशीनवर कॅश आउट दाबा, कार्ड ओढून घ्या, केज बंद व्हायची वेळ आधी विचारा आणि अर्धा तास आधी रांगेत उभे राहा. सकाळी जहाज बंदरात लागलं की केजला कुलूप. मग बॅगा हातात घेऊन रिसेप्शनवर "आमचे अठ्ठावीस डॉलर" म्हणून आवाज चढवायचा, मागे तीनशे लोक उतरायचे खोळंबलेले, आणि त्या रांगेत सगळ्यात पुढे कोण? तोच, एका डॉलरमध्ये शंभर डाववाला.