छत्तीस सेकंदांत गुरुजी

झेडपीच्या शाळेत गुरुजी व्हायचं ठरवलंय? उत्तम. फक्त एवढ्यात घरात सांगू नका. मामा लगेच विचारतील, ‘मग स्पर्धा परीक्षा का देत नाहीस?’ ही स्पर्धा परीक्षाच आहे, शेवटी लाल दिव्याऐवजी खिचडी आहे इतकंच, हे त्यांना समजावण्यात तुमचा निम्मा दम जाईल. तो राखून ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी डी.एड. करा. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात, नाव लांबलं, वर्षं दोनच राहिली. या दोन वर्षांत पाठ टाचण काढाल, तक्ते रंगवाल, खऱ्याखुऱ्या पोरांसमोर घाम पुसत सराव पाठ घ्याल. जीव तोडून घ्या. तुम्हाला शिकवता येतं का, हे उभं करून पाहण्याचा सरकारी कार्यक्रम इथेच संपतो. यापुढची सगळी पात्रता बसून सिद्ध करायची असते.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. 150 प्रश्न, 150 मिनिटं, खुल्या प्रवर्गाला 60 टक्के. चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोळा रिकामा सोडू नका. 30 गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला असतात, ते हातचे. मानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणतो, सात ते अकरा वर्षांचं मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत असतं. प्रत्यक्षात दुसरीतलं मूल ‘सर, यानं माझी पेन्सिल खाल्ली’ या अवस्थेत असतं, पण हा पर्याय चारांत दिलेला नसतो. पियाजेला स्मरून गोळा भरा.

अभ्यासाचा कंटाळा असणाऱ्यांनी दुसरी वाटही चोखाळून पाहिली. 2019-20 च्या टीईटीतल्या गैरप्रकारात परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. मूल्यशिक्षणाचा तास पुढे कोण घेणार होतं, ते यावरून कळावं.

पास झालात की प्रमाणपत्र मिळेल. पूर्वी ते सात वर्षांनी शिळं व्हायचं. 2021 मध्ये ते तहहयात केलं. दयाळूपणाच म्हणायचा, कारण भरतीची 2010 ची सीईटी झाल्यावर पुढची परीक्षा यायला 2017 चा डिसेंबर उजाडला, आणि तिच्यानंतरची आली 2023 मध्ये. दरम्यान तुमचं लग्न होतं, मूल होतं, ते मूल बालवाडीत जातं. म्हणजे बालमानसशास्त्राची उजळणी घरबसल्या.

भरतीची ही दुसरी परीक्षा म्हणजे टेट, शिक्षक अभियोग्यता चाचणी. टीईटी वेगळी, टेट वेगळी. हा फरक सासऱ्यांना समजावून सांगता आला तर तुमच्यात शिक्षक आहे, असं खुशाल समजा. 200 प्रश्न, 120 मिनिटं. एका प्रश्नाला 36 सेकंद. तेवढ्यात आरशातलं घड्याळ वाचायचं आणि फोटोतल्या बाईच्या सासूच्या एकुलत्या मुलाशी स्वतःचं नातं जुळवायचं. उपयोग काय, असं विचारू नका. उद्या घरोघर सर्वेक्षणाला गेलात की अशीच नाती लिहून घ्यायची आहेत.

पुढे शिक्षक भरतीचं पोर्टल. त्याचं नाव ‘पवित्र’, तेव्हा अंघोळ करून बसावं. पसंतिक्रम भरा, लॉक करा, यादीची वाट पाहा. नाव लागलं तर पेढे वाटा, पण बेताचे. आधी तीन वर्षं तुम्ही शिक्षक नव्हे, शिक्षण सेवक. मानधन महिना 16 हजार. नाक मुरडू नका, 2022 संपेपर्यंत प्राथमिकला सहाच होते.

रुजू झालात की शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 तोंडपाठ करा. शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, असं ते सांगतं. अपवाद तीनच: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. आपल्याकडे निवडणूक नाही असा मोसम सापडला तर मलाही कळवा. खिचडी चाखणं यात येत नाही, ते प्रेमाचं काम. दुपारी एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मोबाइल. ॲपमध्ये लाभार्थी 43 भरायचे, चव नोंदवहीत ‘उत्तम’ लिहायचं, आणि तेवढ्यात तिसरीचा वर्ग स्वतःचा स्वतः शिकत असतो. यालाच ज्ञानरचनावाद म्हणतात, टीईटीला विचारतात.

आता सुटलो, असं मात्र म्हणू नका. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. त्यामुळे मधल्या सुट्टीत शेजारचे वीस वर्षं मुरलेले गुरुजी खुर्ची सरकवत तुमच्याजवळ येतील. हातात कव्हर घातलेलं गाइड. हळूच विचारतील, ‘काय हो सर, हे पियाजेचं मूर्त क्रियात्मक म्हणजे नेमकं काय?’

सांगायला तुम्ही तोंड उघडाल, आणि दारात दुसरीतलं एक पोरगं रडत येऊन उभं राहील. पेन्सिल गेलेली असेल.