पित्त नव्हतं ते

मावशीने दोन दिवस अंगावर काढलं. मळमळ, जबडा ठणकतोय, पाठ भरून आलेली, चार पावलं चाललं की गळून जायची. छातीत कळ नव्हतीच. तालुक्याच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजी निघाला तिसऱ्या दिवशी, नांदेडला. हार्ट अटॅक येऊन गेला होता. वय 46.

आमच्याकडे गड्याने नुसता छातीवर हात ठेवला तरी घरातले गाडी काढतात. बाईला पित्त असतं, नाहीतर टेन्शन. बायकांच्याही छातीत दुखतं, पण मळमळ, धाप, जबडादुखी, कधी नव्हे असा थकवा ही लक्षणं त्यांच्यात जास्त दिसतात आणि तीच पित्तावर ढकलली जातात.

मावशीचं आणखी एक आहे. चौदा हंगाम ऊसतोडीला गेली. सत्ताविसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली. अंगावरून जायचं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती, खाडा केला की पैसे कापले जायचे. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची आकडेवारी आली: सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. तेव्हा पेपर भरून बातम्या आल्या. पण या बायकांचं पुढे काय होतं? पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर ऐन तिशीत इस्ट्रोजेन संपतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. मावशीची ठेवली की काढली? ऑपरेशनचा एक कागद तिच्याकडे नाही.

औषधांतही बाईला धरलेलंच नव्हतं. 1977 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं, ते 1993 मध्ये बदललं. झोलपिडेम ही झोपेची गोळी बाईच्या रक्तातून सावकाश उतरते, सकाळीही अंमल राहतो. तरी अमेरिकेत बायकांचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅम व्हायला 2013 उजाडलं. गोळी बाजारात आल्यापासून वीस वर्षं बायका गड्याच्या मापाने ती गिळत होत्या.

डॉक्टरांनो, हात जोडून सांगते, चाळिशीतली बाई गळून गेली म्हणाली तर पित्ताच्या आधी ईसीजी काढा. आणि पिशवी कधी काढली, तेही विचारा.

मावशी आता दवाखान्यात कुणी विचारायच्या आधीच सांगते, "पिशवी काढल्याली हाय. बाकीचं काय काय काढलं, मला कुणी सांगितलं न्हाई."